बराकाचा डावा कान

उन्हाळ्यात आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. पलंगाखाली, कपाटावर, शिलाई मशीनच्या शेजारी, जिथे तिथे वर्तमानपत्रं पसरलेली आणि त्यांवर ओळीने मांडलेले आंबे, आणि त्यांतला एकही खायचा नाही. बाबा आंब्यांच्या रोगांचे शास्त्रज्ञ होते. मलिहाबादच्या बागांमधून ते दशहरीच्या पेट्या आणत, प्रत्येक फळाच्या देठाला नंबराची चिठ्ठी बांधत, आणि कुठला आंबा कितव्या दिवशी, कुठल्या बाजूने, कसा सडायला लागला ते रोज सकाळी चहाच्या आधी पाहत बसत. संस्थेच्या प्रयोगशाळेत हे काम व्हायचंच, पण घरातल्या हवेत फळ कसं वागतं ते पाहायचा त्यांचा हट्ट होता. आई वर्ध्याची. ती म्हणायची, "लोक आंबा पिकायची वाट पाहतात, आमचे हे सडायची." त्या गोड, किंचित आंबूस वासाने आमच्या उशा, टॉवेल, माझी वह्या-पुस्तकं सगळं भरलेलं असे. शाळेत मैत्रिणी माझं दप्तर हुंगून हसायच्या.

आम्ही लखनौच्या निशातगंज भागातल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर राहायचो. खाली घरमालक मिश्राजी आणि त्यांची बायको, आणि आमच्या डोक्यावर गच्चीतली एक खोली, जिला तिकडे बरसाती म्हणतात. पहाटे मिश्राजींची पाण्याची मोटर घरघरायला लागली की आमच्या घराचा दिवस सुरू व्हायचा. मग देवळातली घंटा, अजान, दूधवाल्याच्या कॅन, आणि ह्या सगळ्याच्या वर आईचं हिंदी. पंधरा वर्षं लखनौत काढूनही ती भाजीवाल्याला "भैया, मेथी ताजी है क्या, की कालची है?" असंच विचारायची. ती माझ्याशी मराठीत बोलायची आणि मी हिंदीत उत्तर द्यायचे. ह्यावरून आमची रोज एक लहानशी चकमक व्हायची. "तुझ्या तोंडात मराठी काय उष्टी होते का गं?" आता ती नाही आणि मी हे मराठीत लिहायला बसले आहे. ह्या गोष्टीतला पोलिसांच्या कागदापुरता भाग मी एकदा हिंदीत लिहून दिला आहे. त्यात न मावलेलं सगळं आईच्या भाषेत लिहावंसं वाटतं.

बराका आमच्याकडे आला तेव्हा मी नववीत होते. तो टांझानियातल्या टाबोरा नावाच्या गावचा. तिकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आंब्याची झाडं आहेत असं सांगायचा. बाबांच्या हाताखाली संशोधन करायला तो आला होता आणि वसतिगृहात जागा नव्हती. त्याने तीन घरं पाहिली. तिन्ही मालक फोनवर हो म्हणाले, आणि तो दारात उभा राहिल्यावर तिघांनाही अचानक गावाकडून येणारा भाचा आठवला. शेवटी बाबांनी मिश्राजींना बरसातीबद्दल विचारलं. मिश्राजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर साहब, आप कह रहे हैं तो ठीक है. लेकिन ज़िम्मेदारी आपकी."

गल्लीतली पोरं त्याच्या मागे "कालिया, कालिया" करत धावायची. मोठी माणसं न विचारता त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायची. तो हसायचा आणि चालत राहायचा. पण केवळ गल्लीला नावं ठेवून मला सुटता येणार नाही. आमच्या आईनेही पहिले पंधरा दिवस त्याचा कप वेगळा ठेवला होता. निळ्या काठाचा, कान तुटलेला, खिडकीच्या कट्ट्यावर. मग एक दिवस तो खाली आला, आईने गोळाभात केला होता, आणि बाबांनी त्याला पानावर बसवलं. बेसनाचे गोळे भातात कुस्करून त्यावर हिंग-मोहरीची फोडणी ओतली तशी त्याने डोळे मिटले आणि इंग्रजीत म्हणाला, "ममा, मोर." त्याने तिसऱ्यांदा भात घेतला आणि आईचा सगळा संकोच त्या फोडणीत जळून गेला. तो कप कुठे गेला ते मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

त्याच्या स्वाहिली भाषेत आमच्या शब्दांची पोतीच्या पोती होती. आंबा म्हणजे एंबे, साबण म्हणजे सबुनी, लोणचं म्हणजे अचारी, गाडी म्हणजे गारी. रोज एखादा नवा शब्द सापडायचा आणि आई तो शेजारणींना सांगायची. पण सगळ्यात मोठी गंमत झाली ती दादाची. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. तो मला दादा म्हणायचा आणि मी त्याला काका म्हणावं अशी त्याची अपेक्षा होती. "बावीस वर्षांचा काका आणि चौदा वर्षांचा दादा!" आई पदर तोंडाला लावून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तेव्हापासून गच्चीतून हाक यायची, "दादा, चाय!" आणि मी खालून ओरडायचे, "काका, खुद आ के ले लो!" गणिताचे माझे अडलेले प्रश्न तोच सोडवून द्यायचा. मला भाऊ नव्हता. हळूहळू सणाला पाटावर चौथं ताट आपोआप मांडलं जायला लागलं.

मी अकरावीत गेले त्या वर्षी फोनांवर मुलं पळवणाऱ्यांच्या बातम्या फिरायला लागल्या. कुठला तरी धूसर व्हिडिओ, कुणाचा तरी थरथरता आवाज, "अपने बच्चों का ध्यान रखें, गिरोह शहर में आ चुका है." मिश्राजी गल्लीच्या ग्रुपवर रोज सकाळी एक टाकायचे. बाबा ते वाचून म्हणायचे, "पुरावा कुठाय?" आणि फोन पालथा ठेवायचे. बराकाने संध्याकाळी एकटं बाहेर जाणं कमी केलं.

तो शनिवार होता. दुपारचे चार वाजले असतील. वर्ध्याहून मावशी येणार म्हणून आईने मला पुलापलीकडच्या बाजारात पाठवलं आणि बराकाला म्हणाली, "हिच्यासोबत जा बाबा, सामान जड आहे." मी पिवळा कुर्ता घातला होता. सामान घेऊन परत निघालो आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी एका पायावर लंगडत होते, बराकाने दोन्ही पिशव्या एका हातात घेतल्या आणि दुसऱ्या हाताने माझा दंड धरला. रस्त्याच्या पलीकडे चाटच्या गाडीवर माझ्या कोचिंगच्या दोन मुली उभ्या होत्या. त्या आमच्याकडे बघून एकमेकींच्या कानात काहीतरी बोलल्या. मला लाज वाटली. मी माझा दंड जरा सोडवायला गेले. तेवढ्यात एक स्कूटरवाला थांबला.

"क्या हुआ बिटिया? कौन है ये?"

साधा प्रश्न होता. हे आमच्या घरचे आहेत, माझ्या वडिलांचे विद्यार्थी आहेत, माझा भाऊ आहे, काहीही म्हणता आलं असतं. मी चाटच्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोई नहीं."

बस, एवढंच. त्यानंतर काय झालं ते इतकं भराभर झालं की आजही मला ते क्रमाने लावता येत नाही. स्कूटरवाला उतरला, त्याने बराकाची कॉलर धरली. कुणीतरी ओरडलं, "लड़की को ले जा रहा था!" कुठून कुठून माणसं आली. पिशवीतला गूळ रस्त्यावर पडला आणि कुणाच्या तरी बुटाखाली चिरडला. मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले की मी ओरडले, "छोड़ दो, ये हमारे घर के हैं." मी ते म्हणाले खरी, पण ओरडले नाही. पुटपुटले. माझ्या शेजारच्या बाईलाही ते ऐकू गेलं नसेल. गर्दीच्या आतून बराकाचा आवाज आला, "दादा! दादा, घर जाओ!" तो मला पाठवत होता. कुणीतरी म्हणालं, "अपने दादा को बुला रहा है, इसका गैंग है यहीं कहीं," आणि मार वाढला.

मग पोलीस आले. मला आठवतं, मला किती हायसं वाटलं होतं. शिपायांनी गर्दी मागे हटवली आणि बराकाला उठवून जीपकडे नेलं. तो पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होता. मी दिसते का ते बघत होता. "सीधा चल," एक शिपाई म्हणाला. बराका परत वळला. त्या शिपायाने काठी उगारली आणि त्याच्या डोक्याच्या डाव्या बाजूला मारली. गर्दीचे हात तोवर थांबलेले होते. ही काठी त्यानंतरची होती, आणि ती मी पंधरा पावलांवरून पाहिली. मी चपला हातात घेतल्या आणि अनवाणी घराकडे धावत सुटले.

माझ्याकडून ऐकून बाबा तसेच ठाण्यात गेले. संध्याकाळी त्यांनी त्याला सोडवून दवाखान्यात नेलं. डाव्या कानाचा पडदा फाटला होता आणि आतल्या हाडाला इजा झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, ऐकू येणं परत येणार नाही. घरी आल्यावर बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

"त्याने लिहून दिलंय की तो एकटाच होता," ते म्हणाले. "आपल्या ऋचाचं नाव घेतलं नाही. मलाही म्हणाला, सर, डोन्ट ब्रिंग दादा हिअर."

आई म्हणाली, "पण ही होती ना."

"माहीत आहे मला. बारावीचं वर्ष येतंय तिचं. ठाणं, कोर्ट, टीव्हीवाले. आणि लोक काय काय जोडतील ते तुला सांगायला नको. तो स्वतःच म्हणतोय तर आपण कशाला..." बाबा वाईट माणूस नव्हते. सडलेल्या फळाबद्दलही त्यांना कधी खोटं लिहिता आलं नाही. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती त्यांना स्वतःलाही दिसली असावी, कारण ते लगेच पाठ फिरवून हात धुवायला गेले.

पोलिसांच्या कागदात लिहिलं गेलं की जमावाच्या मारहाणीत परदेशी विद्यार्थी जखमी झाला, पोलिसांनी त्याला वाचवलं, बळाचा वापर केला नाही. पण एका दुकानदाराच्या फोनवर थोडं चित्रण झालं होतं. त्यात काठी नीट दिसत नव्हती, मध्ये कुणाचं तरी डोकं येत होतं. दिसत होती ती फक्त पाठमोरी धावणारी, पिवळ्या कुर्त्यातली एक मुलगी. आठवडाभरात शहर त्या चित्रणावरून भांडायला लागलं. टीव्हीवर चौकटी-चौकटींतून माणसं एकमेकांवर ओरडायची. कुणी म्हणे, आपण परदेशात वर्णभेद झाला की गळा काढतो आणि घरी काय करतो ते पाहा. कुणी म्हणे, एका चुकीसाठी अख्ख्या पोलीस दलाला बदनाम करू नका, ते नसते तर तो पोरगा मेलाच असता. मुलगी होती की नव्हती, ती त्याच्यासोबत स्वखुशीने होती की नव्हती, ह्यावर तर रोज चर्चा. आमच्या जिन्यात मिश्राजी बाबांना म्हणाले, "देखिए, मैं किसी के ख़िलाफ़ नहीं हूँ. पर कमरा ख़ाली करवा दीजिए. बहू-बेटियों वाला घर है." बाबांनी मान डोलावली. बराका वसतिगृहात राहायला गेला. आईने तो पिवळा कुर्ता धुतला, घडी केला आणि पेटीच्या तळाशी घातला.

शाळेत त्याच महिन्यात वादविवाद स्पर्धा होती. विषय, 'आंदोलनाने न्याय मिळतो'. बाजू चिठ्ठ्या टाकून वाटल्या आणि माझ्या वाट्याला विरोध आला. मी माघार घेऊ शकले असते. पण माघार घेतली तर का घेतली असं कुणी विचारेल, ही भीती जास्त होती. मी चांगलं बोलले. रस्त्यावर घोषणा देणाऱ्यांना पुरावे नको असतात, पोलीसही माणूस असतो, त्यालाही घरी लेकरं असतात, जमावाच्या तावडीतून त्या विद्यार्थ्याला कुणी सोडवलं, असं सगळं मी हात हलवत म्हणाले. खोटं त्यात फार नव्हतं, म्हणून तर ते इतकं सहज बोलता आलं. समोरच्या बाजूला आयेशा होती, माझ्याच बाकावर बसणारी. तिने कागद खाली ठेवला आणि मला विचारलं, "और अगर वो तुम्हारे घर का होता, ऋचा?" टाळ्या पडल्या. मी तोंड उघडलं, आणि वेळ संपल्याची घंटा वाजली. मला दुसरं बक्षीस मिळालं. घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून बसले.

चार दिवसांनी मी कोचिंग बुडवून बादशाहनगरहून मेट्रोत बसले आणि आलमबागला उतरले. तिथून थोड्या अंतरावर धरणं-निदर्शनांसाठी नेमून दिलेली जागा आहे. शंभर-सव्वाशे माणसं असतील. दुसऱ्या शहरांतून आलेले आफ्रिकी विद्यार्थी, ईशान्येकडची मुलंमुली, दोन-चार वकील. रस्त्याच्या पलीकडे दुसरा एक लहान घोळका पोलिसांच्या बाजूचे फलक घेऊन उभा होता. त्यात कडेवर मूल घेतलेली एक बाई होती. ती रडवेल्या आवाजात कुणाला तरी सांगत होती, "हमारे आदमी को गली में लोग गाली देते हैं. उन्होंने तो उस दिन ड्यूटी भी नहीं की थी." ती कुठल्या शिपायाची बायको ते मला कळलं नाही. पण मी खरं काय ते सांगितलं असतं तर तिच्या नवऱ्यावरचीही शिवी हटली असती.

माइकवर मिझोरमची एक मुलगी बोलत होती. "मुझसे भी रोज़ पूछते हैं, कौन से देश से आई हो. मैं आधार कार्ड दिखाती हूँ तो हँसते हैं." मग ती थोडं थांबून पाणी प्यायली आणि म्हणाली, "पीले कुर्ते वाली बहन, तुम जहाँ भी हो, हम तुमसे नाराज़ नहीं हैं. हमें पता है डर लगता है. बस एक बार आ जाओ." मी तिच्यापासून दहा पावलांवर होते. आजूबाजूच्या सगळ्यांनी कुणी येतंय का म्हणून माना वळवल्या, आणि मीही त्यांच्यासारखीच मान वळवून मागे पाहिलं. एक म्हातारा शिपाई जवळ येऊन हळूच म्हणाला, "बिटिया, स्कूल की हो? घर जाओ, यहाँ कुछ भी हो सकता है." मी गेले. उलट्या दिशेच्या मेट्रोत मला बसायला जागा मिळाली होती, एवढं मात्र लख्ख आठवतं.

जूनच्या सुरुवातीला बराका निरोप घ्यायला आला. काम अर्धं टाकून तो परत चालला होता. आई त्याच्यासाठी शिरा करायला आत गेली, बाबा कपड्यांना इस्त्री करायची आहे म्हणून दुसऱ्या खोलीत गेले. बाबांनी त्याआधी कधी इस्त्रीला हात लावला नव्हता. मी त्याच्या शेजारी दिवाणावर बसले होते. खाली मान घालून, हातातल्या उशीच्या खोळीची शिवण उसवत मी सगळं बोलून टाकलं. म्हणाले, तू कोण म्हणून त्या माणसाने विचारलं आणि मी कोई नहीं म्हणाले, तिथूनच सगळं सुरू झालं, मला माफ कर. बोलून झाल्यावर मी वर पाहिलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. माझी मान हललेली दिसली तसा तो वळला, पूर्ण अंगाने वळला, आणि उजवा कान पुढे करून म्हणाला, "सॉरी दादा, क्या बोला? इधर से बोलो."

मी त्याच्या डाव्या बाजूला बसले होते.

"कुछ नहीं," मी म्हणाले. "वहाँ जा के फ़ोन करना."

तो गेल्यावर माझं जेवण कमी झालं. आईने आधी जंतांचं औषध दिलं, मग नजर काढली, मग एका दुपारी माझ्या केसांना तेल लावताना विचारलं, "काय खातंय तुला?" मी इतकंच सांगितलं की मी त्याची माफी मागितली आणि ती त्याला ऐकू गेली नाही. कशाची माफी ते नाही सांगितलं. आईने तेलाची वाटी खाली ठेवली. तिचे हात माझ्या डोक्यावर तसेच होते. दुसऱ्या दिवशी बाबा मलिहाबादला गेल्यावर तिने चांगली साडी नेसली, पेटीतून पिवळा कुर्ता काढला आणि माझ्या हातात दिला. "घाल. ठाण्यात जायचंय. तुझ्या बाबाले विचारायचं काम नाही." घाईत किंवा दुःखात ती वर्ध्याचं बोलायची.

ठाण्यात पंख्याखाली एक दरोगा, म्हणजे फौजदार, बसले होते, पन्नाशीचे, टेबलावर स्टीलचा डबा उघडलेला. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, डबा झाकला, आणि ऐकून घेतलं.

"बहनजी, वो फ़ाइल तो बंद हो चुकी है. लड़का भी चला गया."

"बंद है तो खोलो," आई म्हणाली. "नहीं खुलती तो ये कागद ले लो."

"समझिए बात को. मेरी भी बेटी है इसी उमर की. मैं होता तो उसे यहाँ न लाता. शादी-ब्याह का सोचिए इसका."

"वही तो सोच रही हूँ. आगे जाके इसको किसी के घर में रहना है. ऐसी चुप रहने वाली भेजूँ क्या?"

दरोगांनी माझ्याकडे पाहिलं, मग एक कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहायला लागले. काठीचं लिहिलं, कुणाच्या हातची आणि कधी ते लिहिलं. आणि सुरुवातीला, स्कूटरवाल्याच्या प्रश्नाखाली, ते दोन शब्दही लिहिले. दरोगा वाचताना तिथे थांबले. "ये भी रखना है?" आईने वाकून कागद पाहिला. तिला ते तोवर माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही कुणाला सांगता येत नाही. राग नव्हता तो. आपल्याच हातचा पदार्थ खराब झाल्यावर माणूस जसं भांड्याकडे बघतं, तसं काहीतरी होतं. मग ती दरोगांना म्हणाली, "रहने दो. जैसा हुआ वैसा ही लिखा है." त्यांनी त्याची एक प्रत काढली, तिच्यावर शिक्का मारला आणि सही करून ती आम्हाला दिली. त्या कागदाचं पुढे काहीच झालं नाही. कुणी बोलावलं नाही, कुणाची चौकशी झाली नाही.

संध्याकाळी आईने ती प्रत बाबांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी उभ्यानेच वाचली, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचली. मला वाटलं ओरडतील.

"ह्यात मी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला नाही घातलं, बाबा."

"का?"

त्यांनी कागद टेबलावर सपाट केला, दोन्ही तळवे त्यावर ठेवले आणि तसेच बसून राहिले. वरण गार झालं. त्या दिवसानंतर आई आणि त्यांच्यात कित्येक आठवडे कामापुरतंच बोलणं होतं. त्या वर्षी त्यांनी घरी एकही पेटी आणली नाही, आणि बाहेरच्या देशातला विद्यार्थी त्यांनी पुन्हा कधी घेतला नाही. विचारलं तर म्हणायचे, "माझ्याच्याने नाही होणार."

मी त्या प्रतीचा फोटो काढून बराकाला पाठवला आणि खाली सगळ्याचं इंग्रजी करून लिहिलं, एक शब्दही न गाळता. नऊ दिवस काही आलं नाही. दहाव्या दिवशी आम्ही जेवायला बसलो असताना फोन वाजला. लांब मजकूर होता. तो मी आईबाबांना मराठीत सांगत सांगत वाचला. त्याने लिहिलं होतं, 'तुझा कागद मी आईला वाचून दाखवला. आमच्या भाषेत करून, दोनदा. आधी तिचा विश्वास बसला नाही. ती म्हणायची, एवढ्या लांब शिकायला पाठवलेल्या मुलाला पोलीस उगीच मारतील का, तू काय केलंस ते मला सांग, मी कुणाला सांगणार नाही. कुणी विचारलं तर ती सांगायची की मुलगा तापाने परत आला. मी कितीही सांगितलं तरी ती मान फिरवायची. काल शिक्का बघून तिने विचारलं, हा त्यांच्याच पोलिसांचा आहे का? मी हो म्हणालो. मग ती खूप रडली. आज ती माझ्याबरोबर बाहेर पडली, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला थांबवून तिने माझा कान दाखवला.'

आईने परत एकदा वाचायला सांगितलं. मी वाचलं. बाबा हात ताटात तसाच ठेवून ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्याच्या आईचं नाव काय?"

मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. दोन वर्षं तो आमच्या पंगतीला जेवला होता. आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.